इंजिनला स्प्रेची चटक लागते का? स्टार्टिंग स्प्रे मारताना या चुका टाळा

बेळगाव भागात खानापूर असो, निपाणी असो की अथणी, गॅरेजात दोन माणसं जमली की हे ऐकायला मिळतंच: "इंजिनला स्प्रे दाखवू नकोस गा, चटक लागते. मग स्प्रेबिगर उठत न्हाई ते." दुसरा लगेच आपल्या पाहुण्यांच्या ट्रॅक्टरचा दाखला देतो. दाखला बहुतेक वेळा खराच असतो, फक्त कारण उलटं लावलेलं असतं. लोखंडाला चटक लागत नाही. जे इंजिन स्प्रेशिवाय उठत नाही, ते आधीपासूनच कुठंतरी अधू झालेलं असतं. स्प्रे तो अधूपणा झाकतो, आणि वेडावाकडा मारला तर वाढवतोही.

स्टार्टिंग स्प्रे म्हणजे अडून बसलेलं इंजिन चालू करायला हवेच्या फिल्टरच्या तोंडात मारायचा फवारा. त्याच्या डब्यात मुख्यतः इथर असतं. ते ३५ अंशांच्या आसपास उकळतं आणि ठिणगी नसतानाही साधारण १६० अंशांना पेट घेतं. डिझेलला त्यासाठी २१० अंशांच्या आसपास जावं लागतं. सगळा खेळ या फरकात आहे. डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. पिस्टन हवा सोळा ते वीस पट दाबतो, त्या दाबानं हवा तापते आणि तिच्यात नोझलमधून, म्हणजे फवारणीच्या तोंडातून, डिझेल पडलं की ते पेटतं. आता पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) रडत रडत फिरत असेल, तर हवा तेवढी तापतच नाही. डिझेल पेटत नाही, इथर मात्र पेटतं. पुढच्या वर्षी रिंग आणखी झिजते, स्प्रे आणखी लागतो, आणि मालक म्हणतो, सवय वाढली.

पहिली चूक: थंडीवर खापर फोडणं

ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. कॅनडासारख्या देशांत पारा उणे पंचवीस-तीसपर्यंत जातो. तिथल्या काही अवजड ट्रकांना आणि डोझरांना मोजून इथर सोडणारी यंत्रणाच बसवलेली असते. तिथं त्याला अर्थ आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे बेळगावचा पारा तेरा-चौदावर येतो, एखाद्या रात्री त्याहून थोडा खाली. कानटोपी घालायला एवढी थंडी पुरते, इंजिनला सबब सांगायला नाही. हिवाळ्यात विकलं जाणारं डिझेल ३ अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे आपल्या पट्ट्यात डिझेल घट्ट झालं ही तक्रारही टिकत नाही. चौदा अंशांना धडधाकट डिझेल इंजिन आतली हवा तापवणारा हीटर लावून, किंवा कित्येकदा हीटरशिवायही, उठलंच पाहिजे. नाही उठत, तर बिघाड शोधा.

उसाच्या हंगामात कारखान्याच्या यार्डात हे रोज बघायला मिळतं. मागं उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या असतात, ढकलून चालू करायची सोय नसते आणि नंबर पुढं सरकलेला असतो. पहाटे पाचला मागचे हॉर्न मारायला लागले की ड्रायव्हर सीटखालचा डबा काढणारच. त्याला दोष देता येत नाही. पण हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो, आणि उसाचं बिल जमा झालं तरी रिंगांचं काम तसंच राहून जातं. दोष असलाच तर तो तिथं आहे.

दुसरी चूक: धुराकडे न बघता डब्याकडे हात नेणं

सेल्फ मारताना एका माणसाला सायलेन्सरकडे बघत उभा करा. निम्मं निदान तिथंच होतं.

धूरच येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत बहुधा लाइननं हवा धरलेली असते. डिझेल फिल्टरजवळचा तांब्याचा वायसर (वॉशर) एकदा खोलला की तोच परत बसवला जातो, तो नीट दाबला जात नाही आणि केसाएवढ्या फटीतून रात्री डिझेल टाकीकडे उतरतं. डिझेलचा हातपंप मारून बघा. सुरुवातीचे दाब पोकळ लागले आणि मग घट्ट झाले, तर डिझेल उतरलं होतं हे समजा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा, नवा वायसर घाला. काम काही रुपयांचं आहे. इथं स्प्रे मारला तर इंजिन दोन सेकंद भडकतं आणि बंद पडतं, कारण त्याला द्यायला डिझेलच नसतं.

पांढरा धूर येतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल येतंय, ते जळत नाहीये. मग बॅटरी, हीटर, नोझल, टायमिंग (डिझेल पडण्याची वेळ) आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), या क्रमानं जा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्वस्त कारणं आधी येतात. पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी गेली आहे. व्होल्ट टिकून आहेत आणि सेल्फ तरी रडतोय, तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का बघा. कित्येक 'रिंगा गेलेली' इंजिनं अर्थिंगची वायर घासून घट्ट केल्यावर नीट उठलेली आहेत.

तिसरी चूक: हीटर चालू ठेवून स्प्रे

ही चूक जिवावर बेतू शकते. बऱ्याच ट्रॅक्टरांत इनटेकमध्ये (हवा आत जाते त्या वाटेत) हीटर असतो, जीप-पिकअपमध्ये सिलिंडरमध्ये ग्लो प्लग असतात. दोन्ही लालभडक तापतात, आणि इथरला पेटायला १६० अंश पुरतात हे वर आलंच आहे. इनटेकमधला ढग तिथंच भडकतो आणि ज्वाळा फिल्टरच्या तोंडातून बाहेर येते. ते तोंड बॉनेटखाली, स्प्रे धरलेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोर असतं. त्यामुळं हीटर तरी वापरा नाहीतर स्प्रे तरी वापरा, दोन्ही एकत्र कधीच नको. नव्या कॉमन रेल (फार मोठ्या दाबानं, संगणकाच्या ताब्यात डिझेल सोडणाऱ्या) इंजिनांत तर स्प्रे नकोच, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी वाचा.

इथरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते. निपाणीकडे विडीच्या तंबाखूचाच धंदा, तेव्हा स्प्रे मारताना शेजारी कोणी विडी ओढत बसलेलं नाही ना, हे आधी बघितलेलं बरं.

चौथी चूक: हँडलच्या इंजिनला स्प्रे

कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठी पाणी उचलायला अजून हँडल मारायची इंजिनं दिसतात. इथर ठरलेल्या वेळेची वाट बघत नाही. पिस्टन वर येत असतानाच ते पेटतं आणि इंजिन उलटा झटका देतं. हातात हँडल असेल तर मनगट जातं. या इंजिनांना डिकॉम्प्रेशनचा (व्हॉल्व्ह उघडा ठेवून दाब सोडणारा) खटका दिलेला असतो तो हातानं वेग धरता यावा म्हणून: खटका उचलून चाक जोरात फिरवायचं आणि वेग आला की सोडायचा. तरी उठत नसेल तर खटका सोडून हँडल हळू दाबून बघा. चांगलं कॉम्प्रेशन असेल तर हँडल अडून बसतं. फुसकन निघून गेलं तर दाब गळतोय.

कुठून गळतोय ते जुने मिस्त्री असं काढतात: नोझल काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, नोझल परत बसवायचा आणि पुन्हा दाब बघायचा. दाब वाढला तर रिंगा-लायनरचं (लायनर म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर) काम आहे, कारण तेलानं तात्पुरती फट बुजवली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेड म्हणजे सिलिंडरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालची पट्टी). तेल चमचाभरच. जास्त ओतलं तर पिस्टन तेलावर आदळून रॉड वाकतो. दाब मोजायचा गेज असेल तर उत्तमच, पण गेज नाही म्हणून अंदाजानं हेड खोलायची गरज नाही.

आणि खोलायचंच ठरलं, तर लांब जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकलं तेव्हापासून या गावाचं यंत्रांशी नातं आहे. आज उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत मशीनिंगच्या शॉपना तोटा नाही. लायनर मोजून घ्या, नुसत्या रिंगा बदलून भागेल की बोअर करावा लागेल ते मायक्रोमीटर सांगेल.

मग चटक लागते हे साफ खोटं का?

साफ खोटं नाही. जास्त मारलेलं इथर सिलिंडरच्या भिंतीवरची तेलाची परत धुऊन टाकतं, आणि सुरुवातीचे फेरे रिंगा कोरड्या घासतात. वेळेआधी पेटल्यामुळं पिस्टनवर ऐरणीवर घण पडावा तसा ठोका बसतो. असे ठोके रोज बसत राहिले तर पिस्टनच्या, रिंगांच्या मधल्या कडा तुटतात. म्हणजे अधू इंजिनला स्प्रे, स्प्रेनं आणखी अधू इंजिन, आणि त्याला आणखी स्प्रे. हे रहाटगाडगं खरं आहे. पण चांगल्या इंजिनला वर्षातून एकदा अर्धा सेकंद स्प्रे मारला म्हणून ते बिघडेल, ही भीती फुकटची आहे.

पेट्रोल इंजिनात तर स्प्रे निदानाला उपयोगी पडतो. कार्बोरेटरमध्ये किंचित मारला, गाडी चालू झाली आणि लगेच बंद पडली, तर प्लग आणि कॉम्प्रेशन बहुधा ठीक आहे, पेट्रोल येत नाहीये. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) साफ करा. टू-स्ट्रोक फवारणी पंप आणि ग्रास कटरला मात्र स्प्रे टाळा. त्यांना वंगण पेट्रोलमधल्या ऑइलमधूनच मिळतं, म्हणून ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार थेंब कार्बोरेटरमध्ये सोडलेले चांगले.

डिझेलला नाइलाजानं मारायचाच असेल, तर हीटर बंद, गिअर न्यूट्रल, आणि इंजिन फिरत असताना लांबून एक सेकंद. आधी मारून मग सेल्फ लावला तर सगळा ढग एका सिलिंडरमध्ये जाऊ शकतो. दोन वेळा मारून उठलं नाही तर थांबा. आणि डबा डॅशबोर्डवर ठेवू नका. असे डबे ५० अंशांच्या वर तापू द्यायचे नसतात, आणि अथणीच्या एप्रिलमध्ये बंद केबिन तेवढी तापायला वेळ लागत नाही.