रविवारच्या पासिंगची तयारी, आणि ती पिन

रविवारी लहान पोरांना फुटबॉलचा पास द्यायला शिकवायला निघालात तर शिट्टी, पाणी, टोपी, चार्ज केलेला मोबाइल, हे सांगायला नको. पिन घ्या. बॉलमध्ये हवा भरायची पिन. पंप घेतलाय असं म्हणू नका, पंप माझ्याकडेही होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला रविवार. नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूचं एक मोकळं मैदान, सकाळचे सात, सहा ते नऊ वर्षांची अठरा पोरं स्वेटर-कानटोप्या घालून हजर. जाळीत बारा बॉल, तीन आठवडे गॅलरीत लोळलेले, त्यातले आठ पिचपिचीत. पंप काढला तर पुढे पिनच नाही. स्कूटर काढून पेट्रोल पंपावर पळालो. तिथली हवेची नळी टायरच्या व्हॉल्व्हला बसते, फुटबॉलला नाही, हे ज्ञान मला चाळिशीत झालं. खेळाच्या सामानाची दुकानं त्या वेळी बंद. उरले चार बॉल, म्हणजे रांगा आल्या. रांगेतली शेवटची मुलगी खाली बसून मातीचा किल्ला करायला लागली, दिवाळी तिच्या अंगातून गेलीच नव्हती. एकाने बसक्या बॉलने पास दिला, बॉल दोन हातांवर जाऊन भद्दकन थांबला. तो वळून म्हणाला, "काका, हा झोपलाय."

नुसतं गोलात मारायचं असतं तर निभलं असतं. पासिंगमध्ये निभत नाही. बॉल जमिनीवरून सरळ घरंगळत भिडूच्या पायात जायला हवा, तेवढंच तर शिकवायचं असतं. बॉलमध्ये हवा नसेल तर पोरगं जोर लावतं, जोर लावायला अंगठ्याने ठोसतं, आणि पावलाच्या आतल्या बाजूने ढकलायचं जे महिनाभर सांगितलं ते एका सकाळीत धुऊन जातं. उलट दगडासारखा टणक बॉलही नको. तो पायावर आदळून उडतो, लागतो, आणि लहानगे पाय मागे घ्यायला लागतात. मोठ्यांच्या सामन्याच्या बॉलला नियमांत ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर दाब सांगितलाय. पोरांसाठी खालच्या टोकाशीच राहा. दाब मोजायचं गेज नसेल तर अंगठ्याने दाबा, किंचित आत जायला हवा.

हे सगळं शनिवारी रात्री. रविवारी सकाळी नाही. रात्री हवा भरलेला बॉल सकाळी बसलेला दिसला तर सराटा शोधा. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या मैदानांवर सराट्यांचा सुळसुळाट असतो, आणि टोचलेला सराटा बॉलच्या शिवणीत दडून बसतो. पिन घालताना पाण्याचा किंवा ग्लिसरीनचा थेंब लावा, सरळ धरून हलकेच फिरवत आत घाला. कोरडी घुसवली तर व्हॉल्व्ह फाटतो, तिरपी घुसवली तर पिन आतच मोडते. थुंकी लावू नका, सगळे लावतात, तरी लावू नका. पिना तीन घ्या. एक पंपाला, एक प्रथमोपचाराच्या डबीत, एक चिकटपट्टीने शिट्टीच्या दोरीला. शिट्टी कुणी विसरत नाही, म्हणून ती तिथे.

बॉल तीन नंबरचे, नंबर म्हणजे आकार. आठ वर्षांच्या पुढच्यांना चार नंबरचा चालतो. पाच नंबरचा म्हणजे मोठ्यांचा, ४१० ते ४५० ग्रॅमचा. सहा वर्षांच्या पोराला तो देणं म्हणजे त्याला भोपळा लाथाडायला लावणं. "मोठा घेतला की पुढेही चालेल" असं पालक म्हणतील. ऐकू नका. जमेल तर डोई एक बॉल, नाहीच जमलं तर दोघांत एक. त्याखाली गेलात की रांग लागते, आणि रांग लागली की किल्ले सुरू.

खुणेला ठेवायचे शंकूसारखे कोन वीसेक हवेत. नसतील तर चपला ठेवा, विटा ठेवू नका. आणि ते पोरं यायच्या आधी मांडून ठेवा. त्यांच्यासमोर मांडत बसलात तर मांडलेले कोन त्यांच्या डोक्यावर टोप्या होतात.

कोणते सराव घ्यायचे ते कागदावर लिहून न्या, चार ओळींत. मी जोड्यांपासून सुरू करतो, चार-पाच मीटरवर समोरासमोर. एका वेळी एकच गोष्ट सांगा. टेकवलेला पाय बॉलच्या शेजारी, त्याचा चवडा भिडूकडे, झालं. घोटा घट्ट ठेवणं पुढच्या रविवारी. मग दरवाजे: दोन कोनांमध्ये मीटरभर फट, असे आठ-दहा दरवाजे मैदानभर, जोडीने दोन मिनिटांत किती दरवाज्यांतून पास काढला ते मोजायचं. पोरं मोजताना फसवतात, फसवू द्या, डोकं वर करून मोकळा दरवाजा शोधताहेत ना. मग ज्याच्यावर राज्य तो मध्ये, बाकी चौघे कडेने, सातआठ मीटरच्या चौकोनात. बाहेरचे लोक याला राँडो म्हणतात, बार्सिलोना क्लबवाले यावरच वाढतात. आपल्या पोरांना "राज्य" म्हटलं की एक शब्दही समजवावा लागत नाही. फक्त सगळ्यात बारक्यावर सलग तीनदा राज्य येऊ देऊ नका. तो रडतो, आणि त्याला कच्चा लिंबू म्हटलं तर जास्त रडतो. मिनिटभराने राज्य आपोआप बदला. हेसुद्धा बॉल नीट असेल तरच. बसक्या बॉलवर मधला दर वेळी जिंकतो, कारण पास त्याच्यापर्यंतच पोचतो. पिन घेतली ना?

डोक्याने बॉल मारणं या वयात घेऊच नका. अमेरिकेत दहा वर्षं आणि त्याखालच्यांना २०१५ पासून मनाई आहे, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढलंय. "टीव्हीवर तर मारतात" असं एखादे आजोबा म्हणतील, त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला.

डिसेंबर-जानेवारीत सहाला बोलावू नका. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो, आणि नाशिकच्या थंडीत हात खिशात घातलेलं पोरगं पडलं तर तोंडावर पडतं. आधी पाच मिनिटं पकडापकडी, म्हणजे अंग गरम होतं. पाऊस झाला असेल तर काळ्या मातीवर जाऊच नका. बुटाला किलोभर चिखल चिकटतो, पास कसला देणार.

बूट शाळेचे कॅनव्हासचे चालतात. बाटलीवर नाव. पालकांचे नंबर कागदावरही. डेटॉल, कापूस, पट्ट्या. पालक दोरीबाहेर, आणि आतल्या सूचना बंद: "मार, मार" ऐकलं की पास विसरतात. शेवटी दहा मिनिटं चार-चारचा सामना, गोलकीपर नको. तासाभरात संपवा. नंतर मिसळ खायला कोण येतंय ते पालकांनी आपसात ठरवावं, तुम्ही आधी बॉल मोजा. बारा नेले असतील तर बारा.

घरी आल्यावर पंपातली पिन काढून डबीत, डबी बॅगेत. माझी ती पहिली पिन पुढे मे महिन्यात सापडली, पोराच्या खेळण्यातल्या डंपरमध्ये.