लसणाच्या दांड्यांचा पेस्टो

लसूण लावला त्या पहिल्या वर्षी मी त्याचे दांडे कापून सरळ कंपोस्टच्या ढिगावर टाकले होते. गड्डे भरायचे असतील तर दांडा काढावा लागतो एवढंच मला माहीत होतं. हे दांडे खातात, आणि फार चविष्ट लागतात, हे कुणी सांगितलंच नाही. ४८ रोपं होती आणि एका रोपाला एकच दांडा येतो, म्हणजे ४८ दांडे गेले. त्याची चुटपुट अजून लागते, म्हणून या दांड्यांच्या पेस्टोबद्दल, म्हणजे तेल, चीज आणि अक्रोडासारखे दाणे घालून वाटलेल्या इटालियन चटणीबद्दल, जरा सविस्तरच लिहिते.

आधी दांडा म्हणजे नेमकं काय ते बघू. कांद्याला डेंगळा येतो ना, तसाच हा लसणाचा फुलोरा धरणारा दांडा. फरक असा की कांद्याचा डेंगळा आतून पोकळ असतो आणि लसणाचा दांडा भरीव. लसणाची पात चपटी असते; दांडा गोल, पेन्सिलीएवढा जाड, टोकाशी फुगीर कळी आणि कळीला लांब निमुळती चोच. रोपाच्या मधोमध तो वर येतो आणि थोडा वाढला की वेटोळं घ्यायला लागतो. प्रत्येक लसणाला मात्र दांडा येत नाही. ज्या जातींच्या गड्ड्यात मधोमध कडक काडी असते आणि तिच्याभोवती एकाच ओळीत मोठ्या पाकळ्या असतात, त्या हार्डनेक जातींना तो येतो. मऊ मानेच्या, वेणी घालता येणाऱ्या लसणाला सहसा येत नाही. तेव्हा वाट बघण्याआधी आपण काय लावलंय ते आठवा.

या पेस्टोत चुकण्याची मुख्य जागा वाफ्यातच आहे, मिक्सर नंतरचा. दांडा कधी कापला यावर निम्मी चव ठरते. एक पूर्ण वेटोळं झालं की कापायचा. त्याआधी कापला तर कोवळा असतो, पण हाताला फारसं लागत नाही. उशीर झाला की वेटोळं सुटायला लागतं, दांडा सरळ उभा राहतो आणि आतून लाकडासारखा होतो. मग कितीही वाटा, दातात धागे येतातच. सगळी रोपं एकाच दिवशी वेटोळी होत नाहीत. माझ्या वाफ्यात पहिल्यापासून शेवटच्या दांड्यापर्यंत आठ-दहा दिवस जातात, त्यामुळे मी एक दिवसाआड सकाळी कात्री घेऊन फेरी मारते. कापलेले दांडे पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवले की दोन आठवडे आरामात टिकतात, म्हणून चार-चार करत साठवले तरी चालतं.

सगळ्यात वरच्या पानातून दांडा जिथे बाहेर पडतो, तिथेच वर कापा. काहीजण तो ओढून काढतात. तसा काढला की खालचा पांढरा, फार कोवळा भाग मिळतो हे खरं, पण ओढताना एखादं पान फाटलं तर नुकसान गड्ड्याचं. गड्डा अजून तीन-चार आठवडे जमिनीत भरणार असतो आणि त्याला पोसणारी हीच पानं. मी कापतेच. एक-दोन दांडे मात्र मुद्दाम ठेवते. त्यांच्या कळीत मोहरीपासून वाटाण्याएवढ्या बारीक लसण्या धरतात. त्या पेरल्या तर पूर्ण गड्डा व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, पण मुलीला ते बघायला आवडतं.

आता निवडणं. फरसबी मोडून बघतो तसा दांडा बुडाकडून वाकवत या. जिथे ‘टक’ आवाज करून तुटतो आणि तुटलेल्या जागी रसाचा थेंब चमकतो, तिथून वरचा भाग घ्यायचा. जिथे नुसता वाकतो, तुटत नाही, तो भाग बाजूला. सुरीनेही कळतं: कोवळ्या भागातून ती सरकन जाते, जून भागाशी अडते आणि कडेला दोऱ्यासारखा धागा लोंबतो. कळी आणि तिची चोच मी पेस्टोत घालत नाही, चोच चिवट असते. हे सगळं उरलंसुरलं सूपच्या पाण्यात उकळायला उत्तम. निवडलेल्या दांड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. लांब ठेवले तर ते मिक्सरच्या पात्याभोवती गुंडाळले जातात.

मी एका वेळी निवडलेले १५० ग्रॅम दांडे घेते, म्हणजे साधारण डझनभर. त्याला ४० ग्रॅम अक्रोड, ५० ग्रॅम किसलेलं पार्मेझान (कडक इटालियन चीज), मूठभर बेसिलची (इटालियन तुळशीची) पानं, १०० ते १२० मिली एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल, अर्धा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस. इटलीतल्या जेनोव्हा शहराच्या मूळ पेस्टोत बेसिल मुख्य असतं आणि लसूण एखाद-दुसरी पाकळी. इथे उलटं आहे, म्हणून बेसिल फक्त सुगंधापुरतं. नसलं तर पार्सली घाला.

दुसऱ्या वर्षी मी सगळे दांडे कच्चेच वाटले. रंग सुरेख आला, पण पहिल्याच घासाला जीभ पोळली आणि मुलीने ताट सरकवून ठेवलं. लसूण अख्खा असताना तिखट नसतोच. त्याच्या पेशींत ॲलिन वेगळं असतं आणि ॲलिनेज नावाचं विकर वेगळं. चिरला, कुटला की दोन्ही एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. जीभ चुरचुरते ती त्याने. जितकं बारीक वाटाल तितकं ते जास्त. उष्णतेने हे विकर निकामी होतं. तेव्हापासून मी निम्मे तुकडे खारट उकळत्या पाण्यात ४५ सेकंद टाकते, लगेच बर्फाच्या पाण्यात काढते आणि कोरड्या फडक्यात घालून पूर्ण टिपते. पाणी राहिलं तर पेस्टो पचपचीत होतो. उरलेले निम्मे कच्चे. सगळेच उकळून बघितले होते. हिरवेगार दिसतात, पण लसणाचा जीव निघून जातो. निम्मे-निम्मे हेच मला पटलेलं प्रमाण. तुमच्या दांड्यांचा एक तुकडा चावून बघा आणि प्रमाण ठरवा, कारण जातीजातीत तिखटपणा वेगळा असतो.

अक्रोड मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजा. वास सुटला की उतरवा, फडक्यात घेऊन चोळा. सुटेल तेवढं साल जाऊ द्या, कडवटपणा त्यातच असतो. पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरमध्ये घालू नका. पाइन नट्स परंपरेतले आहेत आणि लोण्यासारखे लागतात, पण काही प्रकारच्या पाइन नट्सनंतर काहीजणांच्या तोंडात दिवसेंदिवस कडू, धातूसारखी चव राहते. मला तो अनुभव आला, म्हणून मी परत त्या वाटेला गेले नाही. घरात कुणाला अशा दाण्यांची ॲलर्जी असेल तर सूर्यफुलाच्या बिया घ्या.

चीज तुकडा आणून घरी किसा. खरं पार्मेझान वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विकर) वापरून करतात, त्यामुळे शाकाहारी असाल तर वेष्टनावर शाकाहारी रेनेट लिहिलेलं दुसरं कडक चीज शोधा.

वाटताना आधी अक्रोड दोनदा फिरवून जाडसर भरड करा, मग दांडे, बेसिल, मीठ आणि दोन मोठे चमचे तेल. बटण दाबून धरू नका. एक-एक सेकंद फिरवा, थांबा, कडेचं खाली ढकला, परत फिरवा. मिश्रण खरबरीत असतानाच थांबायचं. पेस्टो या शब्दाचं मूळ कुटणे या अर्थाच्या इटालियन क्रियापदात आहे, आणि कुटलेलं कधी गुळगुळीत नसतं. वेळ असेल तर खलबत्ता काढा. त्यात धागे दिसतात आणि वेचता येतात.

यानंतरची पायरी मी चुकूनही बदलत नाही: उरलेलं तेल मिक्सरमध्ये घालायचं नाही. मिश्रण वाडग्यात काढून चीज मिसळायचं आणि तेल धारेने सोडत चमच्याने ढवळायचं. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल वेगाने फिरणाऱ्या पात्यात सापडलं की त्याचा कडवटपणा वर येतो, मग चीज-लिंबू काही घाला, तो जात नाही. माझी एक अख्खी बरणी अशी कडू झाली होती आणि मी बिचाऱ्या दांड्यांना दोष देत बसले होते. मीठ चीजनंतर पुन्हा चाखा. लिंबू अगदी वाढताना पिळा, कारण आंबटाने हिरवा रंग काळपट होतो.

पास्त्यात घालायचा असेल तर पास्त्याचं वाटीभर पाणी राखून ठेवा. गॅस बंद करून गरम पास्त्यात पेस्टो घाला आणि ते पाणी थोडं थोडं सोडत हलवा. पाण्यातल्या स्टार्चने तेल आणि चीज एकजीव होऊन प्रत्येक तुकड्याला लागतं. पेस्टो आचेवर शिजवू नका. उकडलेल्या बटाट्यांवर आणि भाजलेल्या पावावर तर तो मी नुसताच पसरते.

साठवण्याबद्दल मात्र अजिबात हयगय नको. तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवायचा नाही, एका रात्रीपुरताही नाही. हवा न लागणाऱ्या, आंबट नसलेल्या अशा मिश्रणात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो आणि त्याचं विष जिवावर बेतू शकतं; वासाने किंवा चवीने ते कळेलच असं नाही. म्हणून बरणी लगेच फ्रिजमध्ये, वरून तेलाचा पातळ थर (तो फक्त रंग टिकवतो, सुरक्षितता देत नाही), आणि चार दिवसांत संपवा. बाटलीत भरून फडताळात ठेवण्याची वस्तू ही नव्हेच.

उरलेला पेस्टो मी बर्फाच्या ट्रेमध्ये भरते. गोठवायच्या भागात चीज आणि लिंबू घालत नाही, ते खाताना. ठोकळे घट्ट झाले की पिशवीत काढते आणि वर तारीख लिहिते. एका माणसाच्या पास्त्याला दोन ठोकळे लागतात. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले की सकाळी चमच्याने घेता येतात. यंदाच्या दांड्यांचे २२ ठोकळे झाले, आणि गड्डे काढायला अजून तीन आठवडे आहेत.