बांध घातला तरी माती वाहतेच? धूप रोखताना होणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा सरला की खालच्या बांधाला वीतभर गाळ साठलेला दिसतो आणि ‘बांधानं माती धरली’ म्हणून समाधान वाटतं. पण तो गाळ म्हणजे वरच्या रानातून माती सुटल्याची पावती आहे. बांध वाहत आलेली माती थोपवतो. ती सुटूच नये याची सोय बांधाच्या आधी, रानात करावी लागते. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

घळ पडेपर्यंत वाट पाहणं

घळ सगळ्यांना दिसते, रानभर मातीचा पातळ थर वाहून नेणारी सालकाढी धूप दिसत नाही. हेक्टरभर रानातून १ मिलिमीटरचा थर गेला तर १० घनमीटर, म्हणजे साधारण १३ टन माती गेली. डोळ्याला काही फरक जाणवत नाही, आणि बारीक ओघळी पडल्याच तर पुढच्या कुळवणीत बुजून जातात. म्हणून मोठ्या पावसानंतर, कुळव घालण्याआधी रानात फिरा. खडे मातीच्या बोटभर खुंट्यांवर उभे दिसले, तर आजूबाजूची तेवढी माती गेली असं समजा. पिकाच्या खालच्या पानांवर चिखलाचे शिंतोडे असतील, तर थेंबांचा मार थेट मातीवर पडतो आहे.

हिशेब हवा असेल तर सांडव्यातून, म्हणजे बांधातलं जादा पाणी बाहेर काढायच्या वाटेतून, वाहणारं पाणी लिटरच्या बाटलीत भरा, दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी ओतून तळाची माती वाळवून तोला. लिटरला १० ग्रॅम भरली आणि त्या पावसात १० मिलिमीटर पाणी वाहून गेलं असेल, तर एकरी सुमारे ४०० किलो माती एका पावसात गेली.

ऐन पावसात रान उघडं ठेवणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडे रब्बी ज्वारीसाठी रान खरिपात पड ठेवतात आणि तणासाठी कुळवाच्या पाळ्यांवर पाळ्या घालतात. माती भुसभुशीत, वर काही झाकण नाही, आणि याच भागात सप्टेंबरचा पाऊस जोराचा. मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगानं आदळतो. ढेकळं फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात, वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरायचं थांबून वाहायला लागतं. म्हणजे धूप आणि पाणीटंचाई एकाच सरीत.

खोल काळ्या रानात जूनचा पाऊस चांगला झाला, तर ६०-७० दिवसांचा मूग किंवा उडीद घेऊन मग ज्वारी करता येते. हलक्या रानात दोन पिकांचा हट्ट नको. तिथे मटकी किंवा हुलगा हे एकच पसरणारं पीक घ्या, ते जमीन झाकून टाकतं. पडच ठेवायची असेल तर जुलैत सारायंत्रानं साधारण १० बाय १० मीटरचे, चारी बाजूंनी वरंबे असलेले बंदिस्त वाफे पाडा आणि पेरणीच्या वेळी मोडा. उतार जास्त असेल तर वाफे लहान ठेवा, नाहीतर सगळं पाणी खालच्या वरंब्याला जमून तो फुटतो आणि मग खालची पूर्ण रांग जाते. ज्वारीची धसकटं वेचून पेटवण्यापेक्षा उताराला आडव्या ओळीत टाकलेली बरी.

वाटणीच्या पट्ट्यात उभी पेरणी

वाटण्या होताना प्रत्येकाला ओढा आणि रस्ता दोन्ही हवे असतात, म्हणून पट्टे बहुधा वरून खाली उताराच्या दिशेनं पडतात. अरुंद पट्ट्यात ट्रॅक्टर आडवा वळत नाही, त्यामुळे नांगराची तासंही उभी, आणि प्रत्येक तास पाण्याची नाली होते. नांगरट उभी करणं टळतच नसेल, तर निदान शेवटची पाळी आणि पेरणी आडवी करा, गरज पडली तर बैलांनी.

बांध घातला, पण चुकीचा

पहिला प्रश्न जमिनीचा. समपातळी बांध, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर घातलेले बांध, कमी पावसाच्या, पाणी मुरणाऱ्या हलक्या-मध्यम जमिनीसाठी आहेत. भारी काळ्या रानात तेच घातले तर उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी भेगेतून शिरून बोगदा करतं आणि बांध फुटतो. फुटला नाही तर वरच्या बाजूचं पीक पिवळं पडतं. अशा जमिनीला जादा पाणी हळूहळू बाजूला काढणारे, किंचित उताराचे ढाळीचे बांध हवेत. १०० मीटरला २० ते ४० सेंटिमीटर ढाळ पुरतो, त्याहून जास्त दिला तर बांधाची चारीच खणली जाते.

दोन बांधांतलं अंतर शेजाऱ्याचं बघून ठरवू नका. कमी पावसाच्या भागात साधारण १ टक्का उताराला ७० मीटर, २ टक्क्यांना ४०, ३ टक्क्यांना ३० मीटर धरतात.

समपातळी रेषा नजरेनं आखू नका. जेसीबीवाला कितीही अनुभवी असो, १०० मीटरमध्ये वीतभर चूक सहज होते आणि सगळं पाणी त्या खोलगट जागेवरून उलटतं. पारदर्शक नळी आणि सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या पुरतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून सुरुवातीला दोन्ही टोकं एकाशेजारी धरा. पाणी एकाच खुणेवर आलं तरच पुढे जा.

मोकळी टाकलेली माती पहिल्याच पावसाळ्यात पाचव्या ते चौथ्या हिश्श्यानं बसते, तेव्हा उंची तेवढी जास्त घ्या. माती वरच्या बाजूनं घ्या, पण सलग चर खणून नव्हे. खड्ड्यांमध्ये न खणलेली जागा सोडली नाही तर बांधालगत आयता नाला तयार होतो. सांडव्याचा उंबरठा जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर ठेवा आणि पाणी जिथे पडतं तिथे दगड अंथरा. सांडवा ‘नंतर करू’ म्हटलं की पाणी आपला सांडवा स्वतः करून घेतं.

बांधाला उंदराचं किंवा खेकड्याचं भोक पडलं तर नुसतं तोंड बुजवून भागत नाही. बोगदा पूर्ण उकरा आणि ओलसर माती वीतभराच्या थरांनी चोपून भरा. बांधावरचं गवत उन्हाळ्यात पेटवू नका. जूनच्या पावसावर वाळ्याचे २-३ फुटवे १०-१५ सेंटिमीटर अंतरानं लावा. दरसाल नांगराचं एक तास बांध कोरायची सवय तर गावोगाव आहे. त्यातून भांडण शेजाऱ्याशी होतं आणि बांध दोघांचा फुटतो.

घळीच्या तोंडाशी एकच मोठा बांध

घळ वरच्या टोकाकडून मागे सरकत वाढते. आधी वरून येणारं पाणी आडवी चर काढून वळवा, मग वरून खाली अनगड दगडी बांधांची, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या बांधांची, मालिका घाला. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यावा. तळाचा उतार ५ टक्के आणि बांध १ मीटर उंच असेल तर अंतर २० मीटर. बांध दोन्ही काठांत अर्धा मीटर शिरवा, मधला भाग २०-३० सेंटिमीटर खोलगट ठेवा. माथा सपाट ठेवला तर पाणी काठ कापून बाजूनं जातं आणि दगड जागच्या जागी राहतात.

सुटलेली माती आणि धरणातला गाळ

देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांहून अधिक माती सुटते, त्यातली सुमारे २९ टक्के समुद्रात आणि १० टक्के जलाशयांत जाते, बाकीची इकडची तिकडे होते, असा १९८३ मधला अंदाज आहे. वजनापेक्षा गाळाचा दर्जा जास्त टोचतो. हलके, बारीक कण आधी वाहतात आणि सेंद्रिय पदार्थ व स्फुरद (फॉस्फरस) त्यांनाच चिकटलेले असतात. रानात खडे उरतात, धरणात खत जातं. जलपर्णीचं खापर सांडपाण्यावर फुटतं आणि ते योग्यच आहे, पण शेतातून आलेला स्फुरदही तिला पोसतो. नदीच्या तळाला बसलेल्या गाळानं माशांची अंडी गुदमरतात आणि पात्र उथळ झालं की पूर लवकर काठाबाहेर येतो.

राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तो गाळ परत रानात येतो. इथली चूक अशी की बांधबंदिस्ती न करता गाळ उतारावर पसरतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो आल्या वाटेनं धरणाकडे निघतो. आधी बांध आणि सांडवे दुरुस्त करा. ५ सेंटिमीटरच्या थराला एकरी सुमारे २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रास गाळ लागतो. ढिगारे तसेच न ठेवता मे संपण्याआधी पसरून आडव्या पाळीनं मुरमात मिसळा. खोल काळ्या रानात गाळ टाकू नका, तिथे निचरा आणखी बिघडतो.