साथ करणाऱ्यांचं स्वतःचं संगीत कसं शोधायचं आणि कसं ऐकायचं

गोव्यात आमच्या फोंड्याला एकादशीच्या भजनाला बाबा पेटी वाजवायचे. कुणी मोठे बुवा आले असले की दुसऱ्या दिवशी बाजारात सगळीकडे तोच विषय, काल बुवा काय गायले, आणि मग बाबांकडे वळून कुणीतरी विचारायचं, तुम्हीच ना ते पेटीवाले? नाव कुणी घ्यायचं नाही. बाबांना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी बघितलं नाही. पण जेवणं झाल्यावर पडवीत बसून ते एकटे जी भैरवी वाजवायचे ना, ती बुवांच्या मागे वाजवताना कधीच ऐकू यायची नाही. बुवांच्या मागे ते सगळं दाबून, जागा सोडून वाजवायचे, आणि घरी हात मोकळा. मी लहान होते तरी मला कळायचं की ही भैरवी बाबांची आहे, बुवांची नाही.

कॉलेजला गेल्यावर इंग्लिश गाणी ऐकायला लागले तेव्हा ती सवय तशीच राहिली. बॉब डिलन, नील यंग या गायकांची नावं सगळ्यांना माहीत असतात, माझं लक्ष मात्र मागे कोण वाजवतंय तिकडे जायचं. हे कसं शोधायचं, कुठून सुरू करायचं असं बरेच जण विचारतात, म्हणून माझी पद्धत एकदा सविस्तर लिहून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे अख्खा बँड एकदम ऐकायला जाऊ नका. तुम्हाला पाठ असलेलं एकच गाणं घ्या आणि त्यातलं एकच वाद्य धरा. डिलनचं ‘लाईक अ रोलिंग स्टोन’ घ्या, जून १९६५ चं रेकॉर्डिंग. हेडफोन लावा, शब्द सोडून द्या आणि फक्त ऑर्गन ऐका. तो बाकीच्यांच्या किंचित मागून येतो. वाजवणारा अल कूपर हा मुळात गिटारवाला, त्या दिवशी स्टुडिओत नुसता बघायला आला होता आणि संधी साधून ऑर्गनवर जाऊन बसला, त्यामुळे बाकीचे कुठल्या कॉर्डवर जातायत ते आधी कानाने पकडायचं आणि मग पट्टी दाबायची असं त्याचं चाललं होतं. भजनात पेटी वाजवणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल, नवीन बुवा आले आणि त्यांची चाल माहीत नसली की आपणही हेच करतो, आधी ऐकतो मग दाबतो. प्रोड्युसर म्हणाला हा काही ऑर्गन वाजवणारा नाही, पण डिलनने ऑर्गनचा आवाज वाढवायला सांगितला आणि ते गाणं आज आपण त्या ऑर्गनवरूनच ओळखतो.

आता इथून कूपरच्या मागे जा. त्याने ‘ब्लड, स्वेट अँड टीअर्स’ नावाचा बँड काढला, आणि १९६८ मध्ये माईक ब्लूमफिल्डबरोबर ‘सुपर सेशन’ नावाचा अल्बम केला. हा ब्लूमफिल्ड कोण, तर त्याच रोलिंग स्टोनवर गिटार वाजवणारा. म्हणजे एका गाण्याच्या मागे उभी असलेली दोन माणसं तीन वर्षांनी पुढे येऊन एकमेकांशी बोलतायत असं ते ऐकायचं.

नावं शोधताना एक अडचण नक्की येते. डिलनच्या मागे वाजवणाऱ्या एका बँडचं नावच ‘द बँड’, ते कुठल्याही ॲपवर टाकून बघा, जगातले सगळे बँड समोर येतील. म्हणून बँडचं नाव टाकायचंच नाही, माणसाचं टाकायचं. लेव्हन हेल्म, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल, गार्थ हडसन, रॉबी रॉबर्टसन. स्ट्रीमिंगवर कुणी काय वाजवलं ते अर्धवटच दिलेलं असतं, त्यापेक्षा डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर जाऊन जुन्या रेकॉर्डच्या मागच्या कव्हरचा फोटो उघडायचा आणि झूम करून वाचायचा, बारीक अक्षरात सगळं असतं. एक वही ठेवा. माणूस, वाद्य, साल, कुणाबरोबर, एवढे चार रकाने पुरे. मी शाळेची दोनशे पानी वही वापरते.

मग मागे जायचं, म्हणजे प्रसिद्ध माणूस भेटायच्या आधी हे काय करत होते तिथे. बरेच लोक ही पायरी गाळतात आणि तिथेच चुकतं, कारण मग हे लोक डिलननेच घडवले असं वाटत राहतं. द बँडचे पाचही जण आधी रॉनी हॉकिन्स नावाच्या गायकाच्या मागे वाजवायचे, म्हणून त्यांचं नाव ‘हॉक्स’. चार कॅनडाचे आणि लेव्हन एकटा अर्कान्सोचा. हडसन तर बाकीच्यांचा संगीताचा मास्तर म्हणून बँडमध्ये आला. डिलन भेटेपर्यंत बारमध्ये, नाचाच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं घासून ते तयार झालेले होते. १९६५-६६ च्या दौऱ्यात डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली म्हणून लोक हुर्यो उडवायचे आणि ती हे सगळे रोज रात्री अंगावर घ्यायचे, लेव्हनला ते सहन झालं नाही आणि तो १९६५ मध्येच सोडून गेला, दोन वर्षांनी परत आला. हे माहीत असलं की त्यांच्या स्वतःच्या अल्बममधला तो शांतपणा वेगळाच लागतो.

आता त्यांचा अल्बम. बहुतेक जण सांगतील १९६८ च्या ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’पासून सुरू करा. अल्बम सुंदरच आहे, पण तुम्हाला हे लोक डिलनपासून वेगळे ऐकायचे असतील तर माझं मत, तिथून सुरू करू नका. त्यात एक गाणं डिलनचं, दोन डिलनबरोबर मिळून लिहिलेली, आणि कव्हरवरचं चित्रसुद्धा डिलननेच काढलेलं. १९६९ चा दुसरा अल्बम घ्या, त्याचं नावच ‘द बँड’. त्यात डिलनचं एकही गाणं नाही. त्यातलं ‘रॅग मामा रॅग’ लावा आणि कोण काय वाजवतंय ते मोजा: ड्रमवाला लेव्हन मँडोलिन वाजवतोय आणि गातोय, पियानोवाला मॅन्युएल ड्रमवर बसलाय, बासवाला डँको फिडल वाजवतोय, हडसन पियानोवर, आणि बासच्या जागी प्रोड्युसर जॉन सायमन ट्युबा फुंकतोय. आपल्याकडे फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, ब्रास बँड जातो ना, त्यातलं ते मोठं तोंडाचं वाद्य, तेच. मॅन्युएलचे ड्रम जरा डुलत जातात, सराईत ड्रमवाला तसं वाजवणार नाही, आणि त्या डुलण्यानेच गाणं पळतं. माझ्या मावसभावाला मी हे ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, अगे हे तर आरती झाल्यावर पोरं घुमट आणि शामेळ ही आपली तालवाद्यं एकमेकांच्या हातातून घेऊन वाजवतात तसं झालं. अगदी तसंच.

ऐकताना एक नियम मी काटेकोर पाळते. पहिल्या दोन वेळा तुलना करायची नाही. डिलनसारखे शब्द कुठे आहेत, नील यंगसारखी गिटार कुठे आहे हे शोधायला बसलात तर जे आहे ते कानावरून निघून जातं. पहिल्यांदा सगळा अल्बम सलग, काम करत करत. दुसऱ्यांदा बसून, कोण गातंय ते ओळखत. द बँडमध्ये तिघे गाणारे आहेत, मॅन्युएल, डँको आणि लेव्हन, आणि एकदा तिघांचे आवाज वेगळे कळले की मग सोपं आहे. तुलना तिसऱ्या वेळी करा, हवी असेल तर.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र ‘क्रेझी हॉर्स’चं आहे. नील यंगच्या मागे वाजवणारा बँड एवढीच त्यांची ओळख. त्याच्याबरोबरचा पहिला अल्बम मे १९६९ चा. त्यातलं ‘सिनॅमन गर्ल’ लावा, दोन आवाज एकत्र चालतात, त्यातला वरचा आवाज यंगचा नाही, डॅनी व्हिटनचा आहे. यंग खालचा सूर गातोय. आपण इतकी वर्षं जो आवाज यंगचा समजून ऐकतो त्यात अर्धा वाटा दुसऱ्याचा आहे, हे मला कळलं तेव्हा मी ते गाणं त्या दिवशी बहुतेक दहा वेळा ऐकलं असेल. आता मागे जा: हेच लोक आधी ‘द रॉकेट्स’ होते, १९६८ मध्ये त्यांचा एक अल्बम आला, त्यात बॉबी नॉटकॉफचं व्हायोलिन आहे. तेच व्हायोलिन यंगच्या त्या अल्बममध्ये ‘रनिंग ड्राय’मध्ये वाजतं.

आणि मग १९७१ चा अल्बम, नाव नुसतं ‘क्रेझी हॉर्स’. यंग नाही. व्हिटन, बिली टॅलबट, राल्फ मोलिना, पियानोवर जॅक नित्शे, आणि तरुण निल्स लॉफग्रेन. त्यात व्हिटनचं ‘आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट’ आहे. हे गाणं पुष्कळांनी रॉड स्टुअर्टच्या आवाजात ऐकलेलं असतं, त्याने ते १९७५ मध्ये केलं आणि खूप गाजलं, आणि ते त्याचंच असं लोक धरून चालतात. लिहिलेलं व्हिटनने. त्याचा स्वतःचा आवाज ऐका, कुठेही जोर नाही, मागे राय कूडरची स्लाइड गिटार रडल्यासारखी सरकते, आणि व्हिटन ओळ संपवताना सूर धरून ठेवत नाही, सोडून देतो. १९७२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या २९ व्या वर्षी ड्रग्जने त्याचा जीव घेतला. मी हे रात्री ऐकत नाही.

याच अल्बममधलं ‘डाऊनटाऊन’ हे तुलनेच्या सरावाला उत्तम. व्हिटन आणि यंग दोघांनी मिळून लिहिलेलं. यंगच्या १९७५ च्या ‘टुनाइट्स द नाइट’ अल्बममध्ये तेच गाणं आहे, १९७० च्या एका कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग, आणि तिथेही गाणारा व्हिटनच, म्हणजे गेलेल्या माणसाचा आवाज यंगने आपल्या अल्बममध्ये ठेवला. दोन्ही एकामागोमाग लावा. मग लॉफग्रेनच्या मागे जा, तो १९८४ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाच्या बँडमध्ये गेला, आणि वहीत आपोआप पुढचं पान उघडतं. फक्त साल बघून घ्या हं, १९७२ चा ‘लूज’ हा क्रेझी हॉर्सच्या नावावरचा अल्बम लावाल आणि व्हिटन शोधत बसाल, तो त्यात नाही. नाव तेच राहतं आणि माणसं बदलतात.

अजून एक बघायचं ते म्हणजे गाण्याखाली लेखक म्हणून कुणाचं नाव आहे. पैसे त्याला मिळतात. द बँडच्या गाण्यांवर जास्त करून रॉबर्टसनचं नाव, आणि लेव्हनने पुढे उघड तक्रार केली की गाणी सगळ्यांनी मिळून घडवली होती. चाल कुणाची हे लिहिलं जातं पण ती सजवली कुणी हे कुठेच लिहिलं जात नाही.

आणि हे वाचून गोव्यातल्या माणसाला दुसरंच काहीतरी आठवायला हवं. मुंबईच्या हिंदी सिनेमात आपल्या किती लोकांनी वाजवलं, वाद्यवृंद लिहून दिले, आणि तबकडीवर नाव संगीतकाराचं. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांचा सहाय्यक, त्याचा स्वतःचा जॅझ बँड होता, १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तो पडद्यावर दिसतोसुद्धा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे, त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून आपले राग त्यात आणायचा प्रयत्न केला. लोकांना त्यांचं नाव माहीत आहे ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ सिनेमातल्या गाण्यामुळे, त्यांच्या या कामामुळे नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि पेटी म्हटलं की बोरीचे तुळशीदास बोरकर. कितीतरी गायकांना साथ केली, पण त्यांचं एकल पेटीवादन ऐका. त्यांचे गुरू पी. मधुकर, त्यांच्याही पेटीच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या निघाल्या होत्या, ज्या काळात आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर बंदी घातली होती त्याच्या आसपासचीच ही माणसं. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ऐकायची पद्धत तीच, आधी साथ ऐका, एखाद्या ख्यालात गायक थांबतो तेवढ्या फटीत पेटी काय बोलते ते पकडा, मग एकल ऐका आणि त्या फटीतलं वाक्य इथे पूर्ण होतं का बघा.

आता शेवटचं काम, आणि हे खरंच करा. तुमच्या वाड्यावर, देवळात, तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) बँडमध्ये, नाटकाच्या ऑर्गनवर असा कुणीतरी असेलच जो कायम दुसऱ्याच्या मागे वाजवतो. त्याला किंवा तिला घरी बोलवा आणि सांगा, अर्धा तास एकटं वाजवा, काय हवं ते. सुरुवातीला लाजतात, मी काय एकटा वाजवणार म्हणतात, चहा होऊ दे, मग वाजवतात. पंखा बंद करायचा, फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायचा, पेटी असेल तर चार-पाच फुटांवर, घुमट असेल तर आणखी लांब नाहीतर आवाज फाटतो. पावसाळ्यात कौलांवर पाऊस पडत असेल तर थांबा. सुरुवातीला त्यांच्याच तोंडून नाव, गाव, तारीख बोलून घ्यायची. कुठे टाकायचं असेल तर विचारून टाका, आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

बाबांच्या भैरवीची माझ्याकडे एकच कॅसेट होती. ती कपाटात होती, दोन पावसाळ्यांत तिला बुरशी आली आणि आता टेप पुढे सरकत नाही. सुरुवातीचं साधारण एक मिनिट लागतं, त्यात आई विचारते, दूध विरजलंस का गो, आणि मागे पेटीचा भाता नुकता चालू झालेला ऐकू येतो.