कोणत्या शहरात किती दिवस राहायचे?

पाठपिशवी घेऊन अनेक शहरे फिरायची असतील, तर हिशेब दिवसांचा न करता रात्रींचा करावा. कारण दोन रात्रींच्या मुक्कामात हाती खऱ्या अर्थाने एकच पूर्ण दिवस लागतो. खोली सोडणे, स्थानक गाठणे, प्रवास करणे आणि नव्या जागी खोली ताब्यात मिळेपर्यंत सामान सांभाळत थांबणे, यांत किमान अर्धा दिवस सहज जातो. म्हणून 14 रात्रींत सात शहरे कोंबण्यापेक्षा चार शहरे निवडणे मला अधिक योग्य वाटते.

मोठ्या शहराला चार रात्री द्याव्यात, लहान गावाला दोन पुरतात. मात्र तारखा पक्क्या करण्यापूर्वी साप्ताहिक सुट्ट्या अवश्य पाहाव्यात: पॅरिसचे लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, त्यामुळे सोमवारी रात्री पोहोचून बुधवारी पहाटे निघणाऱ्याला ते पाहताच येत नाही. आसपासच्या गावांना एका दिवसात जाऊन येता येत असेल, तर मुक्काम न हलवता तिथेच एक रात्र वाढवावी. दर सहा-सात दिवसांनी कपडे धुण्यासाठी आणि निव्वळ विश्रांतीसाठी एक दिवस मोकळा ठेवावा, आणि परतीचे विमान ज्या शहरातून सुटते, त्याच शहरात आदली रात्र काढावी.