स्टाफरूममधली नवी खुर्ची

खासगी अनुदानित शाळेत नव्या माणसाचं स्वागत बहुतेक ठिकाणी छानच होतं. गुलाबाचं फूल, मुख्याध्यापकांचे चार शब्द, ‘आमच्या शाळा-परिवारात आपलं स्वागत’, टाळ्या, चहा. मग घंटा होते, सगळे आपापल्या वर्गावर जातात आणि नवा माणूस खडू-डस्टर घेऊन शिपायाला विचारत बसतो, ‘नववी ब कुठं भरते हो?’

मी तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत आले. आता पर्यवेक्षक आहे, म्हणजे वेळापत्रक आणि बदली तास (गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायचे) माझ्याकडे. नवे शिक्षक रुळताना पाहिले, तसे वर्षानुवर्षं नोकरी करूनही परके राहिलेलेही पाहिले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. शाळा आपली वाटायला लागते ती कामाच्या सरळ वाटपामुळे आणि वेळेवर मिळालेल्या माहितीमुळे. गोड बोलणं हवंच, पण नुसत्या गोड बोलण्यावर विसंबू नका. हे लिहितेय ते नव्याने लागलेल्यांसाठी. आमच्यासारख्या जुन्यांनी वाचलं तरी चालेल, किंबहुना वाचावंच.

स्टाफरूममध्ये टेबल एकच असतं, पण पगाराच्या तऱ्हा पाच. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले, जुन्या पेन्शनचे, आता निवृत्तीकडे झुकलेले. त्यानंतर लागलेले, ज्यांना ती पेन्शन नाही. अंशतः अनुदानित तुकड्यांवरचे. त्यांचं अनुदान २०, ४०, ६० टक्के असं टप्प्याटप्प्याने वाढतं आणि टप्पा मिळवायला आझाद मैदान गाठावं लागतं. शिक्षणसेवक, तीन वर्षं मानधनावर. माध्यमिकला हे मानधन जानेवारी २०२३ पासून महिना १८ हजार झालं. आणि तासिका तत्त्वावरचे, ज्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, म्हणजे दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कोरडी. पालकांना यातलं काहीच ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी सगळेच ‘सर’, सगळेच भरपूर पगारवाले.

हे सगळं आधी समजून घ्या, कारण त्याशिवाय टोमण्यांचा अर्थ लागत नाही. ‘तुमचं बरंय, पवित्र पोर्टलवरून थेट लागलात’ असं कुणी म्हणालं, तर म्हणणारा बहुधा ऐन उमेदीची वर्षं विनाअनुदानितवर काढलेला असतो. आता या शासकीय भरती-पोर्टलवर अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर उमेदवार पुढे येतात. त्याआधीच्या कित्येक नेमणुका कशा झाल्या, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. ‘अभ्यास केला, नंबर लागला’ एवढं म्हणून चहा प्यावा.

पहिल्या आठवड्यातली चौकशी हा वेगळाच प्रकार. ‘आडनाव काय म्हणालात? गाव कुठलं? गावात कुठल्या बाजूला घर?’ विचारणाऱ्याला भूगोलात रस नसतो, त्याला जात हवी असते. काही जण आडवळणाने न जाता थेट विचारतात, ‘कुठल्या प्रवर्गातून?’ उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘सेवापुस्तकात आहे सगळं’ म्हणून विषय बदलता येतो. काही जण ठसक्यात सांगून मोकळे होतात. मला ते जास्त आवडतं, पण तसं करायलाच हवं असंही नाही. खरं तर हा प्रश्न थांबवायची जबाबदारी नव्याची नव्हेच, बाजूला बसलेल्या जुन्याची आहे. आमच्याकडे एका नव्या मॅडमची अशी उलटतपासणी चालू होती. इंग्रजीचे ज्येष्ठ सर वह्या तपासता तपासता, मान वर न करता म्हणाले, ‘अहो, त्यांना विषय विचारा की. तुम्हाला आठवीचं इंग्रजी सोडायचंय ना?’ सगळे हसले आणि चौकशी तिथेच आटोपली. भाषण नाही, वाद नाही. अशी दोन माणसं स्टाफमध्ये असली तरी पुरे.

आता वेळापत्रक. जूनमध्ये ते लागतं तेव्हा प्रत्येक जुना माणूस आपली एकेक अडचण घेऊन येतो. एकाला एसटी गाठायची असते म्हणून शेवटचा तास नको, दुसरीला मुलाची रिक्षा उशिरा येते म्हणून पहिला नको, कुणाला दहावी हवीच असते तर कुणाला नकोच असते. सगळ्यांच्या अडचणी भागवून जे उरतं ते नव्याच्या ताटात पडतं. मधल्या सुट्टीनंतरची दंगेखोर नववी, शनिवारचा शेवटचा तास, आणि बी.एड. गणिताचं असताना सहावीचा भूगोल. वर बदली तास. कारण ठरलेलं, ‘तुम्ही तरुण आहात, तुम्हाला काय.’ नवा माणूस पहिल्या वर्षी नाही म्हणत नाही. दुसऱ्या वर्षी तीच त्याची जागा ठरते.

वेळापत्रक माझ्याकडे आल्यावर मी बदली तासांची वही कपाटातून काढून स्टाफरूमच्या टेबलावर ठेवली. तारीख, वर्ग, कुणाच्या जागी कोण गेलं, आणि महिनाअखेर प्रत्येकाच्या नावापुढे बेरीज. पहिली बेरीज लागली तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. पण पान उलटून उलटून सगळ्यांनी पाहिलं. आमच्या तासिकेवरच्या मॅडमच्या नावापुढचा आकडा सर्वांत मोठा होता, आणि हे तास त्यांच्या बिलात धरलेच जात नव्हते. दुसऱ्या दिवशी दोन ज्येष्ठ सर स्वतःहून आले, ‘आज माझं नाव घाला.’ त्यानंतर मी आणखी एक पद्धत पाडली: वेळापत्रकात प्रत्येकाची एकच अडचण पाळायची, मग तो तीस वर्षांचा जुना असो की कालचा शिक्षणसेवक. जुन्यांची कुरकुर झाली, अजूनही होते. होऊ दे.

तुमच्या शाळेत अशी वही उघड्यावर नसेल तर स्वतःच्या डायरीत नोंद ठेवा. भांडायला नव्हे. सत्र संपताना पर्यवेक्षकांना शांतपणे दाखवायची आणि म्हणायचं, ‘पुढच्या सत्रात थोडं बघा.’ ‘मलाच नेहमी’ या तक्रारीला कुणी भीक घालत नाही. तारीखवार यादी समोर ठेवली की टाळता येत नाही.

माहितीचंही असंच आहे. खासगी शाळेत नेमणूकपत्र हातात आलं म्हणजे पगार सुरू झाला असं होत नाही. संस्था शिक्षणाधिकाऱ्यांकडे वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव पाठवते, मान्यता आल्यावर शालार्थ आयडी, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन पगारप्रणालीतला क्रमांक, लागतो, आणि मगच नाव वेतनदेयकात चढतं. यात महिने जातात. प्रस्तावात एक कागद कमी असेल तर तो परत येतो आणि कुणी सांगितलं नाही तर टेबलावर पडून राहतो. म्हणून कार्यालयातल्या लिपिकाशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या. त्यांचा मान ठेवा. अर्ध्या शाळेला त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची सवय असते. प्रस्ताव कधी गेला, जावक क्रमांक काय, त्रुटी निघाली का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे नुकतीच शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपवून नियमित झालेली एक शिक्षिका आता प्रत्येक नव्या माणसाबरोबर बसून कागद लावून देते. तिला हे काम कुणी सांगितलेलं नाही. नव्याच्या स्वागताला फूल द्यायचं तर द्या, पण असा एक माणूस नक्की द्या.

मधल्या या बिनपगारी महिन्यांत वर्गणीचा जाच फार होतो. निवृत्तीचा निरोप समारंभ, कुणाची वास्तुशांत, कुणाच्या मुलीचं लग्न, सहल. ‘प्रत्येकी पाचशे’ असा मेसेज ग्रुपवर पडतो आणि दिलेल्यांची नावं खाली चढत जातात. ज्याचं नाव चढत नाही तो सगळ्यांना दिसतो. आम्ही यादी टाकणं बंद केलं. एकाच माणसाकडे पैसे द्यायचे, जमतील तेवढे, आणि भेटवस्तूवर ‘सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी’ एवढंच लिहायचं. जमा होणाऱ्या रकमेत फारसा फरक पडला नाही, हे विशेष.

सर्वांत अवघड दशा समायोजनाने आलेल्या शिक्षकाची. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पटसंख्या कमी भरली की एखाद्या शाळेतला शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसऱ्या शाळेतल्या रिक्त पदावर पाठवतात. तो चांगला वीस वर्षांचा अनुभवी असतो, पण इथे नवा. संस्थेला ते पद आपल्या माणसाने भरायचं असतं, त्यामुळे कित्येकदा रुजू करून घ्यायलाच टाळाटाळ होते. रुजू झाला तरी ‘तुमच्या शाळेत चालत असेल, आमच्याकडे असं नाही’ हे वाक्य त्याला रोज ऐकावं लागतं. आमच्याकडे आलेले असे एक सर पहिले काही महिने प्रयोगशाळेत एकटेच डबा खायचे. स्टाफरूममध्ये खुर्च्या मोजक्या, आणि प्रत्येक खुर्ची कुणाची तरी. त्यांना तिथून बाहेर काढलं ते आमच्या प्रयोगशाळा परिचराने. त्याने कोठारातली जुनी खुर्ची पुसून टेबलाच्या कडेला आणून ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘सर, लॅबमध्ये डबा खायला बंदी आहे.’ अशी कुठलीही बंदी आमच्याकडे नव्हती. पुढे विज्ञान प्रदर्शनाची जबाबदारी त्यांच्याकडे गेली, कारण आधीच्या शाळेत त्यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली होती आणि हे आम्हाला विचारायचं सुचायला इतका वेळ लागला. आल्या माणसाला त्याच्या जुन्या शाळेबद्दल विचारावं. तो तिथली बढाई मारायला लागला तरी ऐकून घ्यावं.

सणासुदीचं काय? शाळेत जानेवारीत हळदीकुंकू होतं, आणि हौसेने करणाऱ्यांना त्यात कुणी दुखावलं जाईल असं वाटत नाही. पण त्या दिवशी विधवा शिक्षिका किरकोळ रजा टाकतात, हे हजेरीपटावर दिसतं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर भरपूर कौतुकाची चर्चा झाली, आणि कौतुक करणाऱ्यांपैकीच काही जणींनी ‘पण इथे कसं जमेल’ असंही म्हटलं. आता आम्ही संक्रांतीला नुसता तिळगुळाचा कार्यक्रम करतो. सगळ्या बायका, सगळे पुरुष, शिपाईमामा आणि सफाईवाल्या मावशीसुद्धा. आधीच्यापेक्षा जास्त गर्दी असते. तसंच रोजे असलेल्या सहकाऱ्याला रमजानमध्ये शेवटचे तास जड जातात. मागितल्यावर अदलाबदल द्यायला पर्यवेक्षकाचं काहीच बिघडत नाही. डब्यात काय आणलं यावर शेरा मारणाऱ्याला तर तिथल्या तिथे थांबवावं.

कला आणि क्रीडा शिक्षकांबद्दल थोडक्यात. त्यांचे तास परीक्षा जवळ आल्या की गणित-विज्ञानवाले मागून घेतात. मीही विज्ञानवालीच, म्हणून सांगते: तास घेतला तर परत द्या, आणि फलकलेखन किंवा रांगा लावणं हेच त्यांचं काम आहे असं धरून चालू नका.

नव्या मुलींसाठी एक गोष्ट. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. शाळेत तिला अजून विशाखा समितीच म्हणतात. तिच्यावर कोण आहे ते फलकावर बघून ठेवा. फलक नसेल तर विचारा. गरज पडण्याआधी विचारलेलं बरं.

संघटनांचे लोक पहिल्याच महिन्यात पावतीपुस्तक घेऊन येतील. घाई करू नका. संघटना हवी, पण कामाला कोण धावतं ते वर्षभरात दिसतं.

आणि सेवाज्येष्ठता यादी. स्टाफरूममधली निम्मी अबोला-भांडणं हिच्यावरून असतात, कारण पर्यवेक्षकपद आणि मुख्याध्यापकपद हिच्यावरून ठरतं. खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीत ही यादी अनुसूची ‘फ’ प्रमाणे करायची, कर्मचाऱ्यांमध्ये फिरवायची आणि प्रत मिळाल्याबद्दल सही घ्यायची असं आहे. हरकत असेल तर ती संस्थेकडे नोंदवता येते, वाद मिटला नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येतं. नव्याला वाटतं, आपलं नाव तळाशी, आपल्याला काय करायचंय. शिपाई रजिस्टर घेऊन वर्गाच्या दारात येतो, ‘मॅडम, इथं सही’, आणि तास चालू असताना सही होऊन जाते. तसं करू नका. सही प्रत मिळाल्याची आहे, तेव्हा आधी प्रत मागा, रुजू तारीख आणि शैक्षणिक पात्रतेचा रकाना नेमणूकपत्राशी ताडून बघा, चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या.