कॉलेजची आयटी अंगावर आली तर सुरुवात कुठून करायची

इंदूरच्या कॉलेजांत कॉम्प्युटरच्या सरांनाच एक दिवस सांगतात की उद्यापासून आयटी तुम्ही बघा, आणि सर लगेच नवीन ईआरपीचे (कॉलेजचं सगळं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) डेमो बघायला बसतात. ते नका करू. आधी अकाउंट्स, परीक्षा, लायब्ररी सगळीकडे चहाला जा आणि विचारा, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) कोणाच्या नावावर, अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाकडे, बॅकअप कुठे जातो. "व्हेंडरला माहीत" असं उत्तर आलं की समजा खरी अडचण तीच. डोमेन कॉलेजच्या नावावर करून घ्या, बॅकअप एकदा रिकाम्या मशीनवर रिस्टोर करून बघा, "बॅकअप झाला" सांगणाऱ्या नुसत्या हिरव्या टिकवर जाऊ नका.

मग क्रेडिट बँक. २०२१ पासून एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारी क्रेडिट जमा ठेवायचं विद्यार्थ्याचं ऑनलाइन खातं) आलंय, क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात, पण आयडी डिजिलॉकरमधून बनतो, म्हणजे नाव आधारवरचं. आपल्या मराठी घरांत गोची अशी की आधारवर वडिलांचं नाव मधे असतं आणि दहावीच्या मार्कशीटवर नसतं, मग मॅच कसं होणार? हे अ‍ॅडमिशनलाच तपासा, नाहीतर रिझल्टच्या वेळी रांग लागते.

२०२३ चा वैयक्तिक डेटा जपायचा कायदा आहेच, तेव्हा मार्कांच्या एक्सेल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं बंद. सीनियर प्रोफेसर रुसतील, रुसू देत (दोन दिवसांत बोलतात).

प्राचार्यांकडे बजेट मागताना सर्व्हर-बिर्व्हर बोलू नका, फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी साइट बसली तर पालक कोणाच्या केबिनमध्ये येतील ते सांगा, आणि एएमसीचे (वर्षभराच्या देखभाल कराराचे) पैसे वेगळे लिहून घ्या.